गमरे काकांच्या शुभेच्छा

माझ्या मुलीचा, ईशाचा, दहावीचा पहिला पेपर होता. सासूबाईंनी दारात तिच्या हातावर दही ठेवलं, मी पाण्याची बाटली दिली, नवऱ्याने पुन्हा एकदा "हॉल तिकीट घेतलंस ना?" असं विचारून तिला रडवेलं केलं, आणि सगळी वरात लिफ्टपाशी आली. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. गमरे काका बाहेर आले. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात रबरी स्लिपर. त्यांनी बंद होणाऱ्या लिफ्टच्या दारात हात घातला, ईशाकडे अगदी मायेनं बघितलं आणि म्हणाले,

"बेटा, ब्रेक अ लेग."

ईशा "थँक्यू काका" म्हणाली. तिला कळलं होतं. सासूबाईंना कळलं नाही. पण 'लेग' हा शब्द त्यांच्या चांगल्या ओळखीचा, कारण गुडघ्याच्या डॉक्टरकडे तो दर खेपेला ऐकायला मिळतो.

"काय म्हनलं ते?" त्यांनी मला विचारलं.

मी काहीतरी जुळवून सांगणार होते. पण काकांनी मला ती संधी दिली नाही.

"पाय मोड म्हटलं, मावशी," ते म्हणाले.

हे भाषांतर करायची काही म्हणजे काही गरज नव्हती. पण गमरे काकांचा स्वभावच असा की गैरसमज झालाच आहे, तर तो अर्धवट राहू नये.

"माझ्या नातीचा पाय मोडाया निघालाय व्हय?" सासूबाई कडाडल्या. माहेर-सासर दोन्ही सातारचं, त्यामुळे कडाडायला त्यांना तयारी लागत नाही.

"एकच पाय, मावशी," काका शांतपणे म्हणाले. "अ लेग. दोन्ही असते तर लेग्ज म्हटलं असतं."

लिफ्ट ठणाणा वाजत होती, खाली रिक्षावाला हॉर्न मारत होता, ईशाला हसू आवरत नव्हतं आणि माझा नवरा संजय भिंतीकडे तोंड करून उभा होता. पेपरला निघायला उशीर झाला तो झालाच. वर दिवसभर सासूबाईंनी देवापुढे दिवा विझू दिला नाही आणि दर थोड्या वेळाने मला विचारलं, "पोरीचा फोन आला का? चालती हाय ना नीट?"

गमरे काका म्हणजे सुधाकर गमरे. घणसोलीत आमचा टॉवर जिथे आहे, तिथे एका बाजूला जुन्या गावाची एकमेकांना चिकटलेली घरं आणि दुसऱ्या बाजूला आमच्यासारखेच टॉवर. आमच्या टॉवरच्या नवव्या मजल्यावर आम्ही आणि ते समोरासमोर. न्हावा शेवा बंदरावर एका कस्टम्स एजंटच्या ऑफिसात त्यांनी उभा जन्म काढला. कंटेनरमध्ये काय आहे आणि कागदावर काय लिहिलंय, यांची गाठ घालून देणं हे त्यांचं काम. मूळचे रत्नागिरीकडचे. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली, मुलगी प्रज्ञा हैदराबादला नोकरी करते, आणि काका एकटे राहतात. हॉलमध्ये बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याखाली पुस्तकांचं कपाट, सगळं कसं लखलखीत. माणूस निर्व्यसनी, मेंटेनन्स वेळेवर भरणारा, पार्किंगवरून न भांडणारा. आमच्या सोसायटीत असा माणूस मिळणं कठीण. त्यांना फक्त शुभेच्छा देऊ दिल्या नाहीत की झालं.

बरं, इंग्रजी त्यांना येत नाही असं नाही. चांगलं येतं. बोटींवरच्या परदेशी अधिकाऱ्यांशी बोलून बोलून घासलेलं इंग्रजी आहे ते. पण त्या एवढ्या मोठ्या भाषेतून त्यांनी हा एकच वाक्प्रचार उचलला आणि त्याच्यावर असा हक्क सांगितला की इंग्रजांनीही कधी सांगितला नसेल.

"काका," मी एकदा न राहवून म्हटलं, "हे नाटकवाल्यांचं असतं हो. स्टेजवर जाणाऱ्याला म्हणतात."

"बरोबर. मग परीक्षा काय आहे? सगळ्यांसमोर उभं राहायचंच ना? लग्न काय आहे? इंटरव्ह्यू काय आहे?"

"पण पाय मोड असं का म्हणायचं?"

इथे मी चूक केली. हा प्रश्न गमरे काकांना विचारायचा नसतो. हातात दुधाची पिशवी असताना तर नाहीच. त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं की पूर्वी नाटक आवडलं की लोक टाळ्या वाजवण्याऐवजी पाय आपटायचे, इतके की पाय मोडायचे. पुढच्या आठवड्यात पार्किंगमध्ये सांगितलं की स्टेजच्या बाजूच्या पडद्यालाच लेग म्हणतात, तो ओलांडला की नट लोकांसमोर येतो. आणि गणपतीत, आरतीच्या रांगेत, सांगितलं की वाकून नमस्कार करताना गुडघा मोडतो, तोच तो लेग. तिन्ही वेळा तितक्याच खात्रीने. मी म्हटलं, "काका, मागे तुम्ही वेगळं सांगितलं होतं." तर म्हणाले, "अर्थ महत्त्वाचा नाही ताई, वापर महत्त्वाचा."

आणि वापराचे त्यांचे नियम होते. माणूस निघताना म्हणायचं, परत आल्यावर नाही. दाराच्या आत उभं राहून म्हणायचं नाही, बाहेर येऊन म्हणायचं. हसत म्हणायचं नाही, नाहीतर लोकांना गंमत वाटते. आणि ज्याला इंग्रजी येत नाही, त्याला त्याच्या भाषेत म्हणायचं.

हा शेवटचा नियम सगळ्यात घातक निघाला.

कारण इंग्रजी न येणाऱ्यांसाठी काकांनी वाक्प्रचाराचं मर्म काढून त्याच्या मराठी आवृत्त्या तयार केल्या. ड्रायव्हिंगच्या टेस्टला निघालेल्या तळमजल्यावरच्या वहिनींना ते म्हणाले, "जा, ठोका गाडी." नव्या लग्नाच्या जोडप्याला खारघरच्या हॉलमध्ये, स्टेजवर, फोटोग्राफरसमोर सांगितलं, "भांडा भरपूर." जोडप्याने ऐकलं, एकमेकांकडे बघितलं, आणि आल्बममध्ये तो फोटो तसाच आहे. कोपऱ्यावर फरसाणाचं नवीन दुकान निघालं, तेव्हा फीत कापल्यावर क्षणभर शांतता झाली. त्या शांततेत काकांचा आवाज आला, "दिवाळं निघू दे तुमचं." दुकानदार मारवाडी होता. त्याला मराठी जेमतेम येत होतं, पण नेमका दिवाळं हा शब्द येत होता.

गावातल्या मासळीवाल्या जनाबाईने एकदा त्यांना चांगलंच धरलं. ती मुलाच्या साखरपुड्याला निघालेली, नवं लुगडं, डोक्यात अबोलीची वेणी. काकांनी रस्ता ओलांडून तिला गाठलं आणि म्हणाले, "जनाबाई, पाय मोडा."

"कोनाचा पाय मोरतंस रं?" जनाबाईने कमरेला पदर खोचला. "आज माज्या घरान कार्य हाय आनि तू माजा पाय मोरतंस? थांब, तुजाच मोरतंय."

काकांनी तिला इंग्लंडमधली रंगभूमी समजावून सांगायला सुरुवात केली. मी हातातली पापलेटं टाकून मध्ये पडले म्हणून काका वाचले. त्यानंतर कितीतरी दिवस जनाबाई मला मासे देताना काट्यावर जरा कमीच टाकायची. काकांची शेजारीण म्हणून.

पण कळस झाला तो डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात. आमच्याच इमारतीतल्या एका तरुण डॉक्टर मुलीने नवा दवाखाना काढला. उद्घाटनाला सगळे जमले. मी काकांच्या शेजारीच उभी होते, मुद्दाम. त्यांच्या चेहऱ्यावर विचार चाललेला दिसला, तसा मी त्यांचा हात धरून म्हटलं, "काका, नको. फक्त अभिनंदन म्हणा." ते मान हलवून पुढे गेले. अभिनंदन म्हणाले. मी सुटकेचा श्वास टाकला. मग त्यांनी पुष्पगुच्छ दिला आणि हलक्या आवाजात, खास जवळच्या माणसाला द्यावा तसा आशीर्वाद दिला: "एकही पेशंट वाचू नये."

डॉक्टरीणबाईंची आई खाली बसली.

त्यानंतर सोसायटीचे सेक्रेटरी भोईर यांनी ग्रुपवर मेसेज टाकला. तो मी अजून जपून ठेवलाय. 'सर्व सभासदांना विनंती. श्री. गमरे यांनी सोसायटीच्या आवारात कोणालाही शुभेच्छा देऊ नयेत. आदेशावरून.' त्याखाली लगेच पंचवीसेक अंगठे. पहिला अंगठा काकांचा.

मला त्यांचं बोलणं एकवेळ सहन झालं असतं. पण दुसरी गोष्ट होती. ती म्हणजे, दुसऱ्या कोणी सरळ शुभेच्छा दिलेल्या त्यांना चालायच्या नाहीत. कोणी "ऑल द बेस्ट" म्हटलं की ते चक्क चालायला लागायचे. बोलता बोलता, वाक्य अर्धं सोडून. "सगळं नीट होईल," "काळजी करू नका," असं कोणी म्हणालं की त्यांचं तोंड असं व्हायचं, जसं काही जिन्यावरून कोणीतरी मूल खाली लोटतंय. संजयच्या प्रमोशनचा इंटरव्ह्यू होता, मी फोनवर त्याला म्हटलं, "होईल रे, तुझंच होणार आहे." तर समोरच्या दारातून काका धावत आले. "ताई, असं नका बोलू! असं उघड उघड नका बोलू!" मी फोनवर हात ठेवून म्हटलं, "काका, माझ्या घरात मी काय बोलायचं हेसुद्धा आता तुम्हीच ठरवणार का?" "सॉरी" म्हणाले. आणि निघताना, दाराबाहेर गेल्यावर, हळूच म्हणाले, "त्यांची नोकरी जावो."

संजयला प्रमोशन मिळालं. मला त्याचा आनंद झाला, पण थोडा रागही आला, कारण आता काका ऐकणार नव्हते.

आणि मग भजन स्पर्धा आली.

आमच्या सेक्टरातल्या ज्येष्ठ महिलांचं एक भजनी मंडळ आहे. सासूबाई त्यात मुख्य गायिका. वाशीच्या एका हॉलमध्ये आंतर-नोड, म्हणजे नवी मुंबईतल्या वेगवेगळ्या वसाहतींची, स्पर्धा होती. ऐरोली, नेरूळ, नावडे, कुठून कुठून मंडळं येणार. पंधरा दिवस आमच्या घरात टाळ वाजत होते. सासूबाईंनी थंड पाणी बंद केलं, लोणचं बंद केलं, माझ्याशी मोठ्यानं बोलणंही बंद केलं. घसा जपायचा म्हणून. ते पंधरा दिवस मी कधी विसरणार नाही.

स्पर्धेच्या दिवशी सगळ्या बायका एकसारख्या जांभळ्या साड्या नेसून लिफ्टपाशी उभ्या. मी काकांच्या दाराला बाहेरून कडी घालावी का, असा विचार खरंच करत होते. तेवढ्यात दार उघडलं.

"काका," मी म्हटलं, "भोईरांचा मेसेज आठवतोय ना?"

"आठवतोय," काका म्हणाले. त्यांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. काका काही बोलले नाहीत. लिफ्टचं दार बंद व्हायला लागलं. आणि शेवटच्या फटीतून, जसं काही त्यांच्याच्याने राहवलंच नाही, ते म्हणाले, "मावशी, स्टेजवर आहात म्हणून म्हणतो. आज नियमात बसतं. ब्रेक अ लेग."

मंडळाला दुसरं बक्षीस मिळालं. सासूबाईंचा आवाज असा लागला की परीक्षकांनी माना डोलावल्या. स्टेजवर बोलावलं, शाल दिली, ट्रॉफी दिली. ट्रॉफी दोन्ही हातांनी छातीशी धरून त्या स्टेजच्या पायऱ्या उतरायला लागल्या. साडीच्या निऱ्या पायात आल्या. मी तिसऱ्या रांगेत होते, उठून धावले, पण पोचले नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं.

हॉस्पिटलात दाखल केलं, एक्स-रे झाले, डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरवलं. वय, साखर, रक्तदाब, सगळं धरून जोखीम आहे असं स्पष्ट सांगितलं. संजयने सह्या केल्या. आणि तोवर सोसायटीच्या ग्रुपवर ही बातमी फिरायला लागली होती. बातमी म्हणजे काय, विनोदच. 'काकांचा आशीर्वाद फळला.' 'शंभर टक्के रिझल्ट.' मग कोणीतरी गंभीरपणे लिहिलं, की अशा माणसाची खरं तर तक्रार करायला हवी. मग बाकीचेही गंभीर झाले. काकांनी काहीच लिहिलं नाही. मीही नाही लिहिलं. खरं सांगायचं तर मला त्या वेळी त्यांचं नावही नको झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात गेले, तर दाराशी गमरे काका उभे. तोच पांढरा शर्ट, पण इस्त्री नव्हती. त्यांना बिनइस्त्रीच्या शर्टात मी पहिल्यांदा बघत होते.

"आत येऊ का?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंना गुंगीचं औषध दिलं होतं. पलंगाभोवतीचा पडदा ओढलेला होता. आम्ही पडद्याबाहेर दोन स्टुलांवर बसलो. संजय खाली औषधं आणायला गेला होता. काही बोलायला हवं, म्हणून मी म्हटलं, "होईल हो सगळं व्यवस्थित. डॉक्टर चांगले आहेत."

काका ताडकन उठले.

माझा संयम तिथे संपला. "बसा खाली!" मी म्हटलं. हॉस्पिटल आहे हेही मी विसरले. "काय आहे तुमचं हे, काका? माझी सासू आत पडलीय. तिचं चांगलं व्हावं एवढंही मी म्हणायचं नाही? तुम्ही पाय मोडा म्हणून सांगत फिरायचं, आणि आम्ही कोणाचं बरं चिंतायचं नाही? का? एकदा सांगा मला. का?"

काका बसले.

"विमलच्या पित्ताशयात खडे झाले होते," ते म्हणाले. "माझी मिसेस. साधं ऑपरेशन. सकाळी जायचं, दुसऱ्या दिवशी घरी. पण ती घाबरली होती. मला म्हणाली, अहो, मला भीती वाटते. मी हसलो. आमच्या ऑफिसात सगळे तसेच बोलायचे, तसं बोललो. म्हटलं, काही होत नाही गं. गेट पास मिळालेला माल आहे, फक्त बंदराबाहेर काढायचा राहिलाय. ऑल द बेस्ट. आणि हात हलवला. गावाला निघालेल्या माणसाला हलवतात ना, तसा."

त्यांनी हात हवेत तसाच हलवून दाखवला.

"भूल दिली ती उतरलीच नाही. डॉक्टरांची काही चूक नव्हती. कधी कधी होतं म्हणाले असं."

मी स्टूल जरा त्यांच्याकडे सरकवलं.

"मग काही महिन्यांनी प्रज्ञाच्या कॉलेजचं नाटक होतं. ती जायला तयार नव्हती, मीच ढकलून पाठवली. आत मेकअपच्या खोलीत तिला डबा द्यायला गेलो, तर त्यांचे इंग्रजीचे सर सगळ्या पोरांना ओरडून सांगतायत, ब्रेक अ लेग, ब्रेक अ लेग! मी त्यांची कॉलर धरली, ताई. खरंच धरली. म्हटलं, हिची आई गेलीय, आणि तुम्ही हिचा पाय मोडायला सांगता? पोरं घाबरली. प्रज्ञा रडायला लागली. सर मात्र चांगले माणूस. मला बाहेर नेलं, चहा पाजला, समजावून सांगितलं. म्हणाले, नाटकात चांगलं होऊ दे असं सरळ म्हणायचं नसतं. कुठेतरी वाईट टपून बसलेलं असतं, ते ऐकतं. म्हणून आपणच वाईट बोलून टाकायचं. मग त्याला वाटतं, इथलं काम झालेलं आहे. ते निघून जातं."

काकांनी खिशातून रुमाल काढला, पण वापरला नाही.

"ताई, मला इतकं बरं वाटलं. म्हणजे बोलायची एक पद्धत होती. मला ती माहीत नव्हती, एवढंच."

पडद्याआड सलाईनच्या स्टँडचा हलका आवाज झाला. काका स्वतःशीच हसले, अगदी थोडं.

"मला माहीत आहे हे सगळं खोटं आहे. माझ्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे. असल्या गोष्टी मानणं मला शोभत नाही, प्रज्ञाही तेच सांगते. पण दारातून कोणी निघालं ना, की माझं तोंड आपोआप उघडतं. कोणी असंच जाऊ नये, असं वाटतं." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि आता मावशींचं हे झालं. सरळ बोललो तर ती गेली. उलटं बोललो तर ह्यांचं हाड मोडलं. आता मी काय बोलू, सांगा."

इतकी वर्षं या माणसाने बोलू नये म्हणून मी धडपडले होते. आणि आता तो गप्प झाला होता, तर ते बघवत नव्हतं.

थोड्या वेळाने वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आले. संजयही आला. आम्ही सगळे सासूबाईंबरोबर ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत गेलो. काका मागे, भिंतीला धरून चालत होते. दाराशी सिस्टरने विचारलं, "आजी, अंगावर काही आहे का? दागिना? कवळी?"

"कवळी हाय," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे बंद होते, पण आवाज चांगला खणखणीत होता. मग त्यांनी मान थोडी वळवली. "गमरे कुठायत?"

काका पुढे आले. सासूबाईंनी तोंडात बोटं घालून कवळी काढली. सिस्टरने ती एका प्लास्टिकच्या डबीत ठेवली आणि माझ्याकडे द्यायला हात पुढे केला.

"तिच्याकडं नगं," सासूबाई म्हणाल्या. दात नसल्यामुळे शब्दांतून नुसती हवा येत होती, पण हुकूम तोच. "ती फोनवर बोलत बसंल. संजय कुठंतरी ठेवून इसरंल. गमऱ्यांकडं द्या." आणि काकांकडे बघून म्हणाल्या, "लई मापाची हाय. दुसरी अशी व्हायची न्हाई. भाईर आल्या आल्या मला पायजे. तवर हितनं कुठं जायचं न्हाई. ऐकलं का?"

"ऐकलं," काका म्हणाले.

"मी पन ऐकलंय सगळं," सासूबाई म्हणाल्या. "पडदा म्हंजे काय भिंत हाय व्हय?"

दार बंद झालं.

आम्ही बाकड्यावर बसलो. काका बसले नाहीत. दाराच्या समोर, दोन्ही हातांत ती डबी धरून उभे राहिले. संजयने त्यांना दोनदा बसायला सांगितलं. "बसलो की झोप लागेल," ते म्हणाले. मी चहा आणला तर एका हाताने प्यायले, दुसऱ्या हातातली डबी छातीशी. एकदा नळाजवळ जाऊन कवळी स्वच्छ धुऊन आणली, आणि जाताना मला विचारून गेले, "इथनं हलायचं नाही म्हणाल्या, पण नळ जवळच आहे. चालेल ना?" मी म्हटलं, चालेल. ते जवळजवळ धावतच परत आले.

डॉक्टर बाहेर आले. मास्क काढून म्हणाले, ऑपरेशन चांगलं झालं, शुद्धीवर येतायत. संजय भिंतीला टेकून रडायला लागला. मी त्याला धरलं. काका नुसते दाराकडे बघत राहिले.

रिकव्हरीत एकालाच सोडतात. संजय निघाला, तर सिस्टरच बाहेर आली. वैतागलेली होती. "गमरे कोण आहेत? पेशंट दात मागतायत. दुसऱ्या कोणाला जवळ येऊ देत नाहीत."

काका आत गेले. मी दाराच्या काचेतून बघत होते. मग सिस्टरची नजर चुकवून दार किलकिलं केलं. काकांनी डबी उघडून पुढे धरली. सासूबाईंनी कवळी घेतली, बसवली, जबडा एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवून बघितला. दातांसकट त्यांचा चेहरा पुन्हा त्यांचा झाला.

"धुतलीसा वाटतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"उभं का? बसा की."

काका स्टुलावर बसले. मोकळ्या डबीचं झाकण ते लावत होते, काढत होते. मग त्यांनी मान वळवून एकदा मागे बघितलं, एकदा खिडकीकडे, एकदा पलंगाखालीसुद्धा. कोणी ऐकत नाही ना, याची खात्री करून घेत असल्यासारखं. आणि पुढे वाकून, अगदी कुजबुजत, ते म्हणाले,

"बऱ्या व्हाल तुम्ही, मावशी."

"व्हनारच की," सासूबाई डोळे मिटत म्हणाल्या. "मला काय धाड भरलीय?"